आरजी खोल असायला हवं होतं: मुंबईत पावसाचं पाणी धरून ठेवायची अट आली कुठून

आमच्या सोसायटीचं आरजी (रिक्रिएशन ग्राउंड, म्हणजे प्लॉटमध्ये मोकळी सोडावी लागणारी जागा) आजूबाजूच्या फरशीपेक्षा दीड फूट उंच आहे. भोवती काँक्रीटचा कठडा, आत लाल माती, वर लॉन. जोराचा पाऊस आला की माती दहा मिनिटांत भरते आणि पाणी कठड्यावरून पेव्हर ब्लॉकवर उतरतं, तिथून उताराने गेटपाशी, आणि गेटपाशी वॉचमन काका पँट गुडघ्यापर्यंत दुमडून खराट्याने जाळीवरची पानं बाजूला करत उभे असतात. मंजूर नकाशात याच आरजीमध्ये दोन परक्युलेशन पिट, म्हणजे पाणी जमिनीत मुरवायचे खड्डे, दाखवलेत. एक मी उघडून बघितला, आत सिमेंटच्या गोण्यांचा राडारोडा होता आणि गच्चीवरून येणारा पाइप त्याला जोडलेलाच नव्हता, तो सरळ गटारात जात होता. मी याच कामातला माणूस आहे, इमारतींच्या पर्जन्य जलवाहिन्यांची डिझाइन करून परवानगीसाठी कागद तयार करणं हे माझं रोजचं काम, त्यामुळे त्या पिटचं मला जास्तच लागलं. पाणी धरून ठेवायची अट मुंबईत का आली, आधी काय होतं आणि ते कसं गेलं हे माहीत असतं तर कुणी आरजी उंच बांधलंच नसतं असं मला मनापासून वाटतं, म्हणून हे लिहितोय.

सुरुवात तळ्यांपासून. गोवालिया टँक, धोबीतलाव, दो टाकी, खारा तलाव ही नावं आपण बसच्या पाटीवर वाचतो पण पाणी कुठेच दिसत नाही. सात बेटांच्या मधल्या खाड्या बुजवून हे शहर झालं, वरळीकडून आत येणारं समुद्राचं पाणी हॉर्नबी वेलार्ड हा बांध घालून १७८४ च्या सुमारास अडवलं, त्यामागे जी जमीन मिळाली ती भरतीच्या पातळीपेक्षा खालची. समुद्र बाहेर राहिला खरा, पण पावसाचं पाणी आत अडकायला लागलं. आजही परळ, दादर, महालक्ष्मीचा बराचसा सखल भाग बशीसारखा आहे तो यामुळेच. त्या काळात शहरभर पसरलेली तळी आणि विहिरी पिण्यासाठी होत्या, धुण्यासाठी होत्या, गुरांसाठी होत्या (गोवालिया टँकवर गवळी गुरं धुवायला आणायचे, नाव त्यावरूनच), पण पावसाळ्यात आजूबाजूचं थोडं पाणी त्यांच्यातही जाऊन बसत होतं. तेव्हा त्याला कुणी डिटेन्शन पाँड, म्हणजे पाणी थोपवून धरणारं तळं, म्हणत नव्हतं एवढंच.

मग १८६० मध्ये विहार तलावाचं पाणी नळाने शहरात आलं आणि तळ्यांची गरज कमी झाली. त्यात मलेरिया. १९११ मध्ये डॉ. चार्ल्स बेंटली यांचा मुंबईतल्या मलेरियावरचा अहवाल आला, त्यात विहिरी आणि साठलेलं पाणी हेच डास वाढायचं मूळ असं दाखवलं गेलं. तळी काही आधीच बुजली होती, बाकीची नंतर एकेक करून बुजत गेली, विहिरींवर झाकणं बसली किंवा त्याही भरून टाकल्या. याबद्दल त्या लोकांना दोष द्यावासा मला वाटत नाही, माणसं खरंच मरत होती. आजसुद्धा १८८८ च्या महापालिका कायद्यातल्या ३८१ कलमाखाली उघडं पाणी साठलेलं दिसलं की सोसायटीला नोटीस येते, आणि यायलाच पाहिजे. पण एक गोष्ट त्यात निसटली, तळं बुजवलं की त्यात जाणारं पाणी कुठे जाणार याचा हिशेब वेगळा करावा लागतो, तो सगळा भार गटारांवर टाकला गेला. बाणगंगा, बांद्र्याचं तळं, शीवचं तळं अशी मोजकीच राहिली.

आता गटारांचा हिशेब बघा, कारण सगळी मेख इथेच आहे. जुन्या शहरातल्या जमिनीखालच्या कमानदार वाहिन्या ताशी २५ मिमी पावसासाठी, तेसुद्धा ओहोटी असताना, आणि रनऑफ कोएफिशंट ०.५ धरून केलेल्या. हा आकडा म्हणजे पडलेल्या पावसातला किती भाग वाहून गटारात येणार. ०.५ म्हणजे अर्धा येणार, अर्धा जमिनीत मुरणार किंवा कुठेतरी थांबणार. म्हणजे ज्या इंजिनिअरने तो आकडा धरला त्याच्या डोळ्यांसमोर वाड्या होत्या, अंगणं होती, मातीचे रस्ते होते. १९८५ च्या पुरानंतर महापालिकेने अभ्यास करायला घेतला, त्यातून १९९३ मध्ये ब्रिमस्टोवॅडचा (मुंबईच्या पर्जन्य जलवाहिन्या सुधारायच्या योजनेचा) अहवाल आला आणि त्यात ताशी ५० मिमी पाऊस आणि कोएफिशंट १ धरायला सांगितलं. एक! म्हणजे पडेल तो थेंब न् थेंब वाहूनच येणार, जमीन काहीच पिणार नाही. पाऊस दुप्पट धरला आणि वाहणारा भागही दुप्पट, म्हणजे त्याच रस्त्याच्या वाहिनीत चौपट पाणी बसलं पाहिजे. मला विचाराल तर मुंबईच्या शंभर वर्षांचा इतिहास ०.५ चा १ झाला या एका दुरुस्तीत आहे.

तो अहवाल पैशांअभावी बराच काळ तसाच राहिला, आणि मग २६ जुलै २००५. सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिमी, आणि त्याच दिवशी कुलाब्याला जेमतेम ७३. यावर खूप लिहिलं गेलंय, मी परत सांगत नाही. त्यानंतर माधवराव चितळे यांच्या समितीचा अहवाल आला, मिठी नदीसाठी प्राधिकरण झालं, २००७ मध्ये केंद्राकडून ब्रिमस्टोवॅडसाठी १२०० कोटी मंजूर झाले, आणि हाजी अली, इर्ला, लव्हग्रोव्ह, क्लीव्हलँड बंदर, ब्रिटानिया, गझदरबंध ही पंपिंग स्टेशनं उभी राहिली. पंप का लागतात तर आपल्या बहुतेक वाहिन्यांची समुद्रातली तोंडं भरतीच्या पातळीच्या खाली आहेत, साडेचार मीटरच्या वरची भरती आणि मोठा पाऊस एकत्र आला की पाणी बाहेर जायच्या ऐवजी उलटं आत यायला बघतं. तेव्हा गेट बंद करून पंपाने उपसायचं, नाहीतर ओहोटी येईपर्यंत पाणी कुठेतरी धरून ठेवायचं, तिसरा रस्ता नाही.

धरून ठेवण्याचं शास्त्र मात्र परवानगीच्या रूपात दुसरीकडे वाढलं, अमेरिकेत, आणि तिथलं कारण पुराइतकंच घाणीचं होतं. तिकडे १९७२ च्या क्लीन वॉटर ॲक्टने कारखान्यांच्या पाइपला परमिट लागायला लागलं, पण रस्त्यावरून, पार्किंगमधून वाहून जाणारं पावसाचं पाणी बरीच वर्षं अधांतरी राहिलं. १९८७ च्या दुरुस्तीत ते कायद्यात स्पष्टपणे आलं, १९९० मध्ये एक लाखाच्या वरच्या शहरांना आणि पाच एकरांपेक्षा मोठ्या बांधकामांना परमिट सक्तीचं झालं, १९९९ मध्ये बांधकामांची मर्यादा एक एकरावर आली. आधी लोक प्लॉटच्या कोपऱ्यात मोठा खड्डा काढून पाणी थांबवायचे आणि लहान तोंडातून सावकाश सोडायचे. त्याने पूर कमी व्हायचा पण तेल, जड धातू, खतातलं फॉस्फरस तसंच पुढे जायचं. मेरीलँड राज्यातल्या प्रिन्स जॉर्जेस काउंटीने १९९० च्या सुरुवातीला वेगळं करून बघितलं, सॉमरसेट नावाच्या वसाहतीत एका मोठ्या तळ्याऐवजी घरोघरी अंगणात खोलगट बाग, वाळूमिश्रित माती, खाली खडी, वर झाडं. पाणी त्यात उतरतं, मातीतून गाळलं जातं, मुळं त्यातलं थोडं घेतात, उरलेलं खालच्या छिद्रांच्या पाइपमधून हळूहळू बाहेर पडतं. यालाच बायोरिटेन्शन म्हणायला लागले. मेरीलँडमध्ये साधारण पहिला एक इंच पाऊस, म्हणजे आपले २५ मिमी, अडवून स्वच्छ करायचा असा नियम बसला, कारण रस्त्यावरची बहुतेक घाण सुरुवातीच्या पाण्यातच येते. आपल्याकडे नालेसफाईनंतरच्या पहिल्या पावसात नाल्याचं पाणी कसं काळं येतं ते बघितलेल्या माणसाला हे वेगळं समजवावं लागत नाही. फक्त गल्लत करू नका, जुन्या गटारांचे २५ मिमी हे ताशी होते, वेगासाठी, आणि मेरीलँडचे २५ मिमी हे एका पावसातलं एकूण पाणी आहे, साठवणीसाठी.

मुंबईत हे तुकड्या-तुकड्याने आलं. २००२ मध्ये १००० चौरस मीटरच्या वरच्या प्लॉटवरच्या नव्या इमारतींना रेनवॉटर हार्वेस्टिंग सक्तीचं झालं, २००७ मध्ये मर्यादा ३०० चौरस मीटरवर आली. पण त्यात हेतू पाणी वाचवायचा होता, टँकर कमी करायचा, पुराचा नव्हता, त्यामुळे टाकी पावसाळ्यात आधीच भरलेली असली तरी कुणाला काही वाटत नसे. पुरासाठी टाकी रिकामी पाहिजे, वापरासाठी भरलेली पाहिजे, हा विरोध अजूनही कित्येक डिझाइनमध्ये सोडवलेला नसतो आणि एकच टाकी दोन्ही रकान्यांत दाखवली जाते. २००६ च्या अधिसूचनेनंतर २० हजार चौरस मीटरच्या वरच्या बांधकामाला पर्यावरण मंजुरी लागायला लागली, तिथे पावसाच्या पाण्याच्या होल्डिंग टँकचा विषय यायला लागला. आणि २०१३ च्या डिसेंबरमध्ये सुप्रीम कोर्टाने आरजीचं किमान क्षेत्र जमिनीवरच पाहिजे, पोडियमवरचं, म्हणजे पार्किंगच्या स्लॅबवरचं, त्यात धरायचं नाही असं सांगितलं. तो निकाल मोकळ्या जागेचा म्हणून सगळ्यांना आठवतो. माझ्या दृष्टीने तो पाण्याचाही आहे, कारण पोडियमच्या स्लॅबवर दोन फूट माती टाकली तरी तिच्याखाली जमीन नसतेच.

आता कागदावर नाही, खऱ्या प्लॉटवर करून बघू. २००० चौरस मीटरचा प्लॉट, तासाला ५० मिमी पाऊस, म्हणजे तासात एक लाख लिटर, दहा हजार लिटरचे दहा टँकर गेटमधून बाहेर रस्त्यावर ओतल्यासारखं. अशा प्लॉटला आरजी १५ टक्के, ३०० चौरस मीटर. ते भोवतालच्या फरशीपेक्षा फक्त १५ सेंटीमीटर खोल ठेवलं, वीतभरही नाही, तर वरवर ४५ हजार लिटर बसतात. पोरांना खेळायला निम्मी जागा सपाट सोडली तरी २२ हजार. खालच्या दोन फूट माती-खडीच्या पोकळीत जे शिरतं ते वेगळं. याने २६ जुलै थांबणार नाही, त्या दिवसाच्या हिशेबाने याच प्लॉटवर जवळजवळ १९ लाख लिटर पडले असते, पण पावसाळ्यात दहा-बारा वेळा येणारा तासाभराचा जोर याने नक्की वाकतो, आणि नेमक्या त्याच तासात गल्लीतलं गटार भरलेलं असतं.

अमेरिकेतलं ड्रॉइंग जसंच्या तसं उचलून चालत नाही हेही सांगतो. शहर भागात भराव आणि वर आलेलं भूजल असतं, जुलैमध्ये खड्डा चार फूट खणला तरी तळाशी पाणी लागतं, तिथे मुरवायचं स्वप्न सोडून द्यायचं, खाली पाइप घालून फक्त थांबवून सोडायचं. उपनगरात टेकडीच्या पायथ्याला मुरूम लागला तर मुरतं, काळा पत्थर लागला तर नाही, म्हणून आधी खड्ड्यात पाणी ओतून तासाला किती उतरतं ते घड्याळ लावून बघायलाच पाहिजे, आणि ते पावसाळ्यात बघायचं, मार्चमध्ये नाही. झाडं अशी पाहिजेत की चार महिने पाय पाण्यात आणि आठ महिने कोरडं सोसतील, माझा भरवसा कर्दळ आणि वाळ्यावर आहे. आणि डास. डासाला अंड्यापासून उडेपर्यंत आठवडाभर तरी लागतो, म्हणून वरचं पाणी २४ तासांत, फार तर ४८ तासांत दिसेनासं झालं पाहिजे. बेंटलींच्या काळची तळी आणि आजची ही खोलगट बाग यात खरा फरक हाच आहे.

महापालिकेनेसुद्धा शेवटी हिंदमाताला, दादर-परळच्या त्या सखल भागात, तेच केलं. २०२१ मध्ये तिथलं पाणी प्रमोद महाजन उद्यानाच्या आणि सेंट झेवियर्स मैदानाच्या खाली बांधलेल्या टाक्यांत नेऊन, भरती उतरेपर्यंत धरून मग सोडायचं काम सुरू झालं. ज्या बशीत वेलार्डनंतर पाणी अडकायला लागलं तिथेच परत दोन तळी, फक्त यावेळी जमिनीखाली आणि पंपाला जोडलेली.

आमच्याकडे मे महिन्यात कमिटीच्या मीटिंगमध्ये मी आरजीचा नकाशा टेबलावर पसरला. अख्खं आरजी खोदायला पैसे नाहीत, पण गेटकडच्या कोपऱ्यातली माती दोन फूट काढून कठड्याला तीन ठिकाणी वीत-वीत रुंद खाचा मारायला, पिट साफ करायला आणि गच्चीचा तो पाइप त्याला जोडायला मंजुरी मिळाली. सेक्रेटरी काकूंनी एकच विचारलं, डास झाले तर? मी म्हटलं, पहिल्या मोठ्या पावसानंतर दुसऱ्या दिवशी तुम्ही स्वतः येऊन बघा. जूनच्या तिसऱ्या आठवड्यात रात्री दोन तास चांगला झोडपला, सकाळी सातला काकू छत्री घेऊन कोपऱ्यात उभ्या होत्या, कर्दळीच्या बुडाशी अजून चार बोटं पाणी होतं. संध्याकाळी दूध आणायला जाताना त्या परत थांबल्या. पाणी गेलं होतं, तळाला गाळाचा पातळ थर, दोन गुटख्याच्या पुड्या आणि सगळी ती पानं होती जी काका एरवी गेटच्या जाळीवरून काढतात.