अंश छापून येतो, छेद राहून जातो

२०२४च्या उन्हाळ्यात सोलापूरकर सकाळी पेपर उघडून आधी एकच आकडा शोधायचे: उजनी उणे किती? उणे चाळीस, उणे पन्नास करत धरण उणे साठ टक्क्यांच्या जवळ गेलं. बाहेरगावचे पाहुणे हा आकडा ऐकून चक्रावतात. धरणातलं पाणी शून्याच्या खाली कसं जाईल?

हिशोब सरळ आहे, पण तो बातमीत क्वचितच असतो. उजनीत सुमारे ६३.६६ टीएमसी (टीएमसी म्हणजे अब्ज घनफूट) मृतसाठा, म्हणजे तळाचा साठा आहे आणि त्याच्यावर ५३.५७ टीएमसी उपयुक्त साठा. टक्केवारी काढतात ती फक्त वरच्या ५३.५७ टीएमसीची. पाणी मृतसाठ्याच्या रेषेखाली उतरलं की पुढची घट त्याच मापात उणे म्हणून लिहितात. म्हणजे उणे साठ टक्के झाले तेव्हा मृतसाठ्यातलं साधारण ३२ टीएमसी पाणी गेलेलं असतं आणि जवळजवळ तेवढंच खाली शिल्लक असतं. आता कोयना बघा. तिची क्षमता १०५ टीएमसी, पण मृतसाठा जेमतेम ५ टीएमसीचा. कोयना शून्य टक्क्यांवर आली, तर तिच्यात उणे साठच्या उजनीच्या एक षष्ठांश पाणी असेल. मथळ्यात मात्र शून्य बरं वाटतं आणि उणे साठ भयंकर.

म्हणून उणे साठ हा आकडा खोटा ठरत नाही. मृतसाठ्यातलं पाणी कालव्यात आपोआप उतरत नाही, शहराला ते मिळायला दुबार पंपिंग, म्हणजे दोन टप्प्यांत उपसा, पुढे तिबार पंपिंग करावं लागतं. ज्याच्या नळाला आधीच दोन-चार दिवसांआड पाणी येतं, त्याच्यासाठी तो आकडा खरीच धोक्याची सूचना असतो. पण याच एका आकड्यावरून गावात दोन मतं तयार होतात. एक म्हणतं, धरण कोरडं पडलं. दुसरं म्हणतं, एवढं पाणी असताना लपवाछपवी चालली आहे. दोन्ही मतं मनापासूनची असतात आणि दोघांनीही छेद बघितलेला नसतो.

शाळेत अपूर्णांक शिकताना वर अंश आणि खाली छेद लिहायला लावत. बातमीत वरचा भाग येतो, खालचा गळून पडतो. विज्ञानाबद्दलची, सरकारबद्दलची आपली कितीतरी मतं या गळालेल्या छेदामुळे वाकडी होतात, असं माझं ठाम मत आहे. सोलापुरात त्याचं याहून मोठं उदाहरण आभाळात घडलं.

सह्याद्रीच्या पर्जन्यछायेतला हा जिल्हा. दुष्काळ पाचवीला पुजलेला. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने ढगांचा अभ्यास करणारा ‘कायपीक्स’ हा कार्यक्रम २००९ मध्ये सुरू केला आणि त्याच्या चौथ्या टप्प्यासाठी सोलापूर निवडलं. २०१८ आणि २०१९च्या पावसाळ्यात इथून विमानं उडाली, रडार बसलं, जमिनीवर पर्जन्यमापकांचं जाळं पसरलं. नेमकं २०१८ हे दुष्काळाचं वर्ष निघालं. ऑक्टोबरमध्ये राज्यातले १५१ तालुके दुष्काळी जाहीर झाले. तेव्हा पारावर ऐकू यायचं की विमानं फिरतात म्हणूनच ढग पळतात. दुसऱ्या टोकाला, आता कृत्रिम पाऊस पडणार म्हणून आशेने आभाळाकडे बघणारेही होते.

ढगात नक्की काय करतात ते समजून घेतलं की दोन्ही समजुती आपोआप सैल होतात. ढगातला थेंब फार बारीक असतो, मिलिमीटरच्या पन्नासाव्या भागाएवढा. असे साधारण दहा लाख थेंब एकत्र आले की दोन मिलिमीटरचा पावसाचा एक थेंब होतो. हवेत धूळ-धुराचे कण जास्त असले की तेवढीच वाफ जास्त कणांवर वाटली जाते, थेंब बारीक राहतात, एकमेकांवर आदळून मोठे होत नाहीत आणि ढग न बरसताच विरून जातो. सोलापूरच्या प्रयोगात विमान ढगाच्या तळाशी जाऊन कॅल्शियम क्लोराईडच्या नळकांड्या पेटवत असे. हे क्षार ओलावा ओढून घेतात, काही थेंब लवकर मोठे होतात आणि खाली येताना वाटेतल्या बारीक थेंबांना पोटात घेतात. ढग नसेल तिथे यातलं काहीच होत नाही. विमान ढग आणत नाही आणि हाकलतही नाही.

खरी अडचण पुढेच आहे. फवारलेल्या ढगातून पाऊस पडला, तर तो फवारल्यामुळे पडला कशावरून? तो तसाही पडला असता. शेजारी उभं राहून नुसतं बघणाऱ्याला हे कधीच कळणार नाही, मग तो कितीही अनुभवी असो. म्हणून शास्त्रज्ञांनी सारख्या जातीचे ढग निवडले आणि त्यातल्या कुठल्या ढगावर फवारायचं, कुठला मुद्दाम सोडायचा, हे योगायोगावर ठेवलं. सोडून दिलेले ढग हा या प्रयोगाचा छेद. त्यांच्यावर काहीच केलेलं नसतं, म्हणून त्यांची बातमी होत नाही. पण त्यांच्याशिवाय फवारलेल्या ढगांना काही अर्थच उरत नाही. बारामती परिसरात १९७३ ते १९८६ या काळात याच संस्थेने अकरा पावसाळे मिठाचा प्रयोग केला होता आणि सरासरी २४ टक्के वाढ नोंदवली होती. तिथेही फवारलेला भाग आणि सोडलेला भाग अशीच तुलना होती. अकरा पावसाळे यासाठी, की आपल्याकडचा पाऊस एवढा लहरी आहे की एका-दोन हंगामांत खरी वाढ आणि नशीब वेगळं काढता येत नाही.

सोलापूरच्या प्रयोगाचा निष्कर्ष २०२३ मध्ये अमेरिकन हवामानशास्त्र संस्थेच्या नियतकालिकात आला. पाऊस सरासरी १८ टक्के वाढला, काही ठिकाणी ४६ टक्क्यांपर्यंत. यातला १८ चटकन पसरला. पण कशाचे १८ टक्के? फवारलेल्या जागेपासून वाऱ्याच्या दिशेला असलेल्या १०० चौरस किलोमीटरच्या पट्ट्यातला पाऊस, आणि तुलना न फवारलेल्या ढगांच्या पावसाशी. जिल्ह्याच्या वर्षभराच्या पावसाचे हे १८ टक्के नव्हेत. सोलापूर जिल्हा जवळजवळ १५ हजार चौरस किलोमीटरचा आहे. शिवाय दोन्ही आकड्यांना कमी-जास्तची मर्यादा जोडलेली होती: १८ला अडीच टक्क्यांच्या आसपास, ४६ला तब्बल १३ टक्के. ही मर्यादा म्हणजे शास्त्रज्ञाचा प्रामाणिकपणा, आणि तीच बातमीत सगळ्यात आधी कापली जाते.

फवारणीमुळे मिळालेलं म्हणून अहवालात सांगितलेलं पाणी लिटरमध्ये मांडलं तर ८६.७ कोटी लिटर होतं. आकडा दांडगा वाटतो. पण १ टीएमसी म्हणजे साधारण २,८३१ कोटी लिटर. भागून बघा, ०.०३ टीएमसी येतं. उजनीच्या तुलनेत हे काहीच नाही. मात्र करपणाऱ्या ज्वारीवर योग्य आठवड्यात आठ-नऊ मिलिमीटर पाऊस पडला, तर तो शेतकरी त्याला ‘काहीच नाही’ म्हणणार नाही. खर्च लिटरला १८ पैसे सांगितला गेला. दहा हजार लिटरच्या टँकरएवढं पाणी म्हणजे १,८०० रुपये. फरक एवढाच की टँकर तुमच्या दारात रिकामा होतो आणि हे पाणी कुणाच्या शिवारात पडेल ते वारा ठरवतो. हा प्रयोग मला मोलाचा वाटतो. त्याच्यावर ‘दुष्काळ हटला’ किंवा ‘पैसे पाण्यात गेले’ असे शिक्के मारणं हा त्या कामाचा अपमान आहे.

दोष फक्त वार्ताहरांचा नाही. ब्रिटनमधल्या कार्डिफ विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१४ मध्ये आरोग्यविषयक संशोधनाची ४६२ प्रसिद्धिपत्रकं तपासली. ती २० विद्यापीठांनी स्वतः काढलेली होती. मूळ शोधनिबंधापेक्षा फुगवलेला सल्ला त्यातल्या ४० टक्के पत्रकांमध्येच सापडला. पत्रक फुगवलेलं असेल तर निम्म्याहून जास्त बातम्याही फुगवलेल्या निघाल्या, पत्रक नेटकं असेल तर हे प्रमाण बरंच खाली आलं. म्हणजे ‘ध’चा ‘मा’ पुष्कळदा छापखान्यात येण्याआधीच झालेला असतो. आणि छेद गाळल्याची किंमत माणसं मोजतात. ऑक्टोबर १९९५ मध्ये ब्रिटनमध्ये काही गर्भनिरोधक गोळ्यांमुळे रक्ताची गाठ होण्याचा धोका ‘दुप्पट’ होतो असा इशारा निघाला. मुळात हा धोका सात हजारांत एकीवरून सात हजारांत दोघींवर गेला होता. घाबरून असंख्य बायकांनी गोळ्या सोडल्या आणि पुढच्या वर्षी तिथे सुमारे १३ हजार गर्भपात जास्त झाले.

यावर वाचणाऱ्याच्या हातात काय आहे? मी एक साधी वही ठेवतो. फवारणीच्या बातमीचं पान त्यात असं आहे. वर तारीख. खाली ‘दावा: पाऊस १८ टक्के वाढला’. त्याखाली ‘कशाच्या तुलनेत: न फवारलेले ढग’. मग ‘कुठे: १०० चौ. किमी, वाऱ्याच्या दिशेला’. ‘मोजलं कुणी: प्रयोग करणारी संस्थाच’. शेवटी ‘उलट काय दिसलं तर मत बदलेन: दुसऱ्या गटाने दुसऱ्या जागी केलं आणि वाढ दिसली नाही’. ही शेवटची ओळ लिहिणं सगळ्यात जड जातं आणि तीच सगळ्यात उपयोगी पडते.

वही लागते, कारण आपली आठवण आपल्याच बाजूने झुकते. १९७२ मध्ये अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष निक्सन चीन आणि रशियाच्या दौऱ्यावर जाणार होते, तेव्हा बारुख फिशॉफ आणि रूथ बेथ या संशोधकांनी लोकांना विचारून ठेवलं होतं की दौऱ्यात अमुक-तमुक घडण्याची शक्यता किती वाटते. नंतर त्यांनाच विचारलं, तुम्ही तेव्हा काय म्हणाला होतात? जे खरंच घडलं, त्याला आपण आधीच जास्त शक्यता दिली होती असं बहुतेकांना प्रामाणिकपणे आठवत होतं. कागदावरचे आकडे वेगळेच होते. ‘मी तर तेव्हाच सांगितलं होतं’ हे वाक्य आपल्याकडे मृग कोरडा गेल्यावर घरोघरी ऐकू येतं. मे महिन्यात कुणी काय सांगितलं होतं, ते लिहिलेलं कुठेच नसतं.

वही कागदाची की मोबाइलची, यावर मी भांडणार नाही. हाताने घेतलेल्या टिपणांनी विषय जास्त समजतो, असं सांगणारा २०१४चा एक अभ्यास जगभर गाजला. २०२१ मध्ये तोच प्रयोग तसाच्या तसा पुन्हा केला, तेव्हा लॅपटॉपवाले जास्त शब्द जसेच्या तसे उतरवतात हे दिसलं, पण परीक्षेतला फरक काही ठळक निघाला नाही. पहिली बातमी अनेकांनी वाचली, दुसरी फार थोड्यांपर्यंत पोचली. विज्ञानात दुरुस्ती होते. बातमीत तिला पहिल्या पानावर जागा मिळत नाही.

आता दुसऱ्या प्रकारच्या नोंदींकडे येतो, ज्या आपल्याविषयी ठेवल्या जातात. चौकाचौकात कॅमेरे आले आहेत, आणि चेहरा ओळखणारी यंत्रणा ‘९९ टक्के अचूक’ असल्याचं सांगतात. आषाढीला आपल्याच जिल्ह्यातल्या पंढरपुरात लाखो वारकरी येतात. समजा दहा लाख चेहरे कॅमेऱ्याखालून गेले आणि त्यात पोलिसांना हवे असलेले शंभर जण होते. ९९ टक्के अचूक यंत्र त्यातले ९९ पकडेल, ठीक. पण उरलेल्या ९ लाख ९९ हजार ९०० निरपराध माणसांपैकी एका टक्क्यावर, म्हणजे ९,९९९ जणांवर, तेच यंत्र चुकीचं बोट ठेवेल. शंभर वेळा इशारा झाला तर नव्याण्णव वेळा समोर कुणीतरी साधा वारकरी असेल. यंत्र ९९ टक्के बरोबर आणि इशारा ९९ टक्के चुकीचा, या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असतात, कारण दोघांचे छेद वेगळे.

हे कागदी गणित म्हणून सोडून देऊ नका. जून २०१७ मध्ये कार्डिफला चॅम्पियन्स लीगचा अंतिम सामना झाला, तेव्हा साऊथ वेल्स पोलिसांच्या यंत्रणेने २,४७० इशारे दिले. त्यातले २,२९७ चुकीचे होते. हे आकडे पोलिसांनीच प्रसिद्ध केले, म्हणून त्यावर बोलता आलं. हरवलेलं मूल शोधायला, चेंगराचेंगरी टाळायला कॅमेरे उपयोगी आहेत आणि ते असावेत असंच मला वाटतं. पण चुकीच्या इशाऱ्याने अडवलेल्या माणसाची वेळ, भीती आणि अब्रू कुणाच्या हिशोबात धरली जाते? सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. त्या हक्काला अर्थ यायचा तर यंत्र किती वेळा चुकतं, ते लोकांना कळायला हवं.

हे विचारण्याचा रस्ता २००५च्या माहिती अधिकार कायद्यात आहे. महाराष्ट्रात अर्ज दीडशे शब्दांत आणि एकाच विषयावर लिहावा लागतो, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून. दीडशे शब्द पुरतात, फक्त प्रश्न आधी वहीत घासून घ्यायला हवेत. अमुक काळात चेहरा ओळखण्याचे एकूण इशारे किती, त्यातले पडताळणीत खरे किती, चुकीचे किती. चित्रण किती दिवस ठेवतात. ते बघण्याचा अधिकार कुठल्या पदांना आहे. अचूकतेची चाचणी कुणी आणि किती चेहऱ्यांवर घेतली. नावं मागायची नाहीत, फक्त बेरजा मागायच्या. काही गुप्तवार्ता विभागांना कायद्यातून सूट आहे, पण शहरातल्या कॅमेऱ्यांच्या नुसत्या बेरजा नाकारायला कारण शोधावं लागतं. उत्तराला तीस दिवसांची मुदत असते. ‘माहिती उपलब्ध नाही’ असं उत्तर आलं तर तेही तारखेसह वहीत उतरवायचं, कारण चुका मोजल्याच जात नसतील तर ‘९९ टक्के’ आला कुठून, हा पुढचा प्रश्न त्यातूनच निघतो. तो पहिल्या अपिलात मांडायचा, तेही उत्तर मिळाल्यापासून तीस दिवसांच्या आत.