बुटातली पिशवी

तोरण्याला जाऊन जाऊन माझ्या बुटांची पुढची शिवण उसवली, तेव्हा मी ते मंडईजवळच्या मोचीदादांकडे नेले. त्यांनी आत बोटं घालून अस्तर चाचपलं आणि म्हणाले, "सुई मारतो, पण आत पिशवी आहे हां. तिला भोकं पडणार." मला काही कळलं नाही. मारा म्हटलं. शिवण पक्की झाली, पण जुलैत वेल्ह्याहून निघाल्यावर पहिल्याच ओढ्यात मोजा चिंब. पुढे ते बूट टाकायचेच होते, म्हणून एक उभा कापून पाहिला. बाहेरचं कापड आणि अस्तर यांच्यामध्ये खरोखरच मोज्याच्या आकाराची पांढुरकी, पातळ पिशवी होती आणि तिच्यावर सुईच्या भोकांची रांग.

पाणी अडवणारी ही पिशवी येण्याआधी सगळी भिस्त चामड्यावर होती. आपल्याकडे विहिरीवरची मोट चामड्याची, पखालही चामड्याची, आणि वहाणांना तेल पाजायची रीत तर जुनीच. आल्प्समधले लोकही जाड चामड्याचे, तळाला खिळे ठोकलेले बूट घालत आणि त्यांना मेण, तेल, चरबीचं मिश्रण चोळत. ते उतरलं की पुन्हा चोळायचं. बूट कोरडा ठेवणं हे मालकाचं काम होतं, दुकानदाराचं नव्हे.

१९३५ मध्ये इटलीतल्या पुंता रासिका शिखरावर गिर्यारोहक विताले ब्रामानी यांचे सहा साथीदार वादळात सापडून मरण पावले. चढाईसाठी घातलेले त्यांचे पातळ बूट त्या थंडीत कुचकामी ठरले. त्यानंतर ब्रामानींनी खोल खाचांचा रबरी तळ बनवला. त्यांच्या नावातूनच 'विब्रम' हे नाव आलं. १९५४ मध्ये जगातल्या दुसऱ्या क्रमांकाच्या उंच शिखरावर, केटूवर, पहिल्यांदा चढलेल्या इटालियन तुकडीच्या पायात हाच तळ होता. खिळे गेले, वजन घटलं. वरचं चामडं मात्र तसंच जाड राहिलं. मग प्लास्टिकचे दुहेरी बूट आले. त्यांत बाहेरून पाणी शिरत नसे, पण घामही बाहेर पडत नसे. रात्री आतला बूट काढून वाळवायचा.

१९६९ मध्ये अमेरिकेत रॉबर्ट गोर टेफ्लॉनच्या तापवलेल्या कांड्या हळूहळू ताणत होते आणि त्या तुटत होत्या. वैतागून एकीला हिसका दिला, तर ती न तुटता कित्येक पट लांबली. त्यातून जो पडदा तयार झाला त्याची छिद्रं पाण्याच्या थेंबाहून हजारो पटींनी लहान, पण वाफेच्या रेणूहून मोठी. १९७० च्या दशकात हा पडदा गोर-टेक्स या नावाने जॅकेटांत आला, पाठोपाठ बुटांत.

हलक्या बुटांना त्याची गरजही होती. जुन्या बुटाचा वरचा भाग चामड्याच्या एकदोन मोठ्या तुकड्यांचा, शिवणी मोजक्या. हलका बूट म्हणजे जाळी, कापड आणि स्वेडचे (मऊ, लवदार चामड्याचे) दहा-बारा तुकडे, आणि शिवणीचं प्रत्येक भोक म्हणजे पाण्याला वाट. तेल चोळून किती भोकं बुजवणार? त्यापेक्षा आत या पडद्याची सलग पिशवी घालणं सोपं. तिथपासून देखभालीची सवयही सुटली. 'वॉटरप्रूफ' लिहिलंय ना, मग झालं!

पण नुसत्या पिशवीने भागत नाही, बाहेरचं कापडही कोरडं राहावं लागतं. धनगराच्या घोंगडीवर पाणी टिकत नाही, झटकली की गेलं; तसं बुटाच्या कापडावर रसायन मारलेलं असतं. ते झिजलं की कापड पाणी पितं, वाफेची वाट बंद होते आणि पाय घामाने भिजतो. आपण म्हणतो, बूट गळतो. या रसायनांतली जुनी, चिवट जात निसर्गात वर्षानुवर्षं नष्ट होत नाही. तिच्याशी जोडलेलं पीएफओए हे रसायन २०१९ मध्ये, अशा चिवट प्रदूषकांना आळा घालणाऱ्या आंतरराष्ट्रीय स्टॉकहोम कराराच्या यादीत गेलं. बदली आलेले लेप पर्यावरणाला बरे, पण लवकर उतरतात.

आणि सह्याद्रीची तऱ्हाच निराळी. वाफ बाहेर जायची तर आत दमट आणि बाहेर कोरडं हवं. जुलैत राजगडावर ढगात उभं राहिलं की बाहेरची हवाच ओलीचिंब असते, वाफ जाणार कुठे? शिवाय पाणी घोट्यावरून आत ओघळतं, आणि एकदा शिरलं की त्याच पिशवीत साठतं. म्हणून पुण्यातले कित्येक जुने ट्रेकर भर पावसात साधे, पाणी झरझर बाहेर टाकणारे बूट घालतात आणि पिशवीवाले हिमालयासाठी जपतात. मलाही ते पटू लागलंय.

नवे घेतले आहेत. ट्रेकहून आलो की नळाखाली चिखल धुतो, आतली वाळू झटकतो, कारण तीच पिशवीला घासत राहते. गॅसजवळ ठेवत नाही, रविवारच्या पुरवण्या कोंबतो. बूट दमट असतानाच पाण्यात मिसळलेलं मेण कापडावर लावतो. घरचे म्हणतात, एवढी चाकरी तर आजोबा वहाणांचीही करत नव्हते.