लिश्टनस्टाइन : प्रवाशांची वैद्यकीय तयारी आणि तिथली आरोग्यसेवा

लिश्टनस्टाइन हा आल्प्समधला चिमुकला देश. क्षेत्रफळ १६० चौरस किलोमीटर, लोकसंख्या चाळीस हजारांच्या आसपास, राजधानी फाडुत्स. पश्चिमेला ऱ्हाइन नदी आणि तिच्यापलीकडे स्वित्झर्लंड, पूर्वेला ऑस्ट्रिया. देशाला स्वतःचा विमानतळ नाही, लोक झुरिकला उतरून ट्रेन-बसने येतात. महाराष्ट्रातून जाणारे बरेच जण युरोप टूरमध्ये फाडुत्सला दोन-तीन तास थांबतात, पासपोर्टवर हौसेचा शिक्का मारून घेतात आणि पुढे जातात, त्यामुळे या देशासाठी वेगळी वैद्यकीय तयारी करायची असते हे सहसा कुणाच्या डोक्यात येत नाही. पण इथे मालबुनला स्कीइंगला किंवा डोंगरवाटांवर ट्रेकला जाणाऱ्यांनी थोडा विचार करूनच निघावं.

सगळ्यात आधी लक्षात घ्यायचं ते हे की इथली आरोग्यसेवा सीमेच्या आत संपत नाही. फाडुत्सला लांडेसश्पिटाल हे सरकारी हॉस्पिटल आहे, तिथे इमर्जन्सी, मेडिसिन आणि नेहमीच्या सर्जरीची सोय आहे, पण प्रसूती विभाग २०१४ मध्ये बंद झाला. मोठी केस असली की पेशंटला स्वित्झर्लंडमधल्या ग्राब्स, कूर किंवा सांक्ट गालनला नाहीतर ऑस्ट्रियातल्या फेल्डकिर्खला हलवतात. नवं हॉस्पिटल बांधायचा प्रस्ताव २०११ च्या सार्वमतात लोकांनी फेटाळला आणि २०१९ मध्ये मंजूर केला. एवढ्याशा देशाने सगळं स्वतः उभारावं की शेजाऱ्यांवर अवलंबून राहावं हा वाद तिथे जुना आहे. प्रवाशाच्या दृष्टीने अर्थ एवढाच, की विमा घेताना तो एका देशापुरता नको, उपचार लिश्टनस्टाइनमध्ये सुरू होऊन ऑस्ट्रियात संपू शकतात.

विम्याची अट तशीही आहेच. लिश्टनस्टाइन १९ डिसेंबर २०११ पासून शेंगेनमध्ये (एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात) आहे आणि त्याच्यासाठीचा व्हिसा भारतात स्विस वकिलातीमार्फतच मिळतो. शेंगेन व्हिसाला किमान ३०,००० युरोचं कव्हर लागतं, पूर्ण मुक्कामासाठी आणि सगळ्या शेंगेन देशांत चालणारं, त्यात तातडीचे उपचार, हॉस्पिटलचा खर्च आणि आजारपणात किंवा मृत्यू झाल्यास मायदेशी आणण्याचा खर्च धरलेला असावा लागतो. ही रक्कम २००३ च्या अखेरच्या युरोपीय निर्णयातून आली आणि पुढे २००९ च्या व्हिसा संहितेतही तीच राहिली, म्हणजे मधल्या काळात उपचारांचे दर कुठल्या कुठे गेले तरी आकडा तोच. म्हणून किमान कव्हरवर न थांबता मोठं घ्यावं असं आमचं स्पष्ट मत आहे. पॉलिसीत दोन गोष्टी नीट वाचाव्यात : आधीपासून असलेला आजार (बीपी, शुगर, हार्ट) धरलाय का, आणि स्कीइंग व डोंगरावरून हेलिकॉप्टरने सुटका धरलीय का. हेलिकॉप्टरचं बिल काही हजार फ्रँकच्या घरात जातं. युरोपीय आरोग्यकार्ड इथे चालतं पण ते युरोपात विमा असलेल्यांसाठी, भारतातून गेलेल्या माणसाला त्याचा उपयोग नाही.

लसींचं म्हणाल तर देशात शिरायला कुठलीही लस सक्तीची नाही. नेहमीच्या लसी, विशेषतः धनुर्वात आणि गोवर, पूर्ण आहेत ना एवढं बघावं. खरा प्रश्न आहे तो गोचिडीपासून होणाऱ्या मेंदूज्वराचा, आणि त्यावर जरा सविस्तर लिहायला हवं.

हा विषाणू इक्सोडेस रिसिनस जातीच्या गोचिडीतून येतो. साधारण वसंतापासून शरदापर्यंत ती गवतात, झुडपांत आणि जंगलाच्या कडेला असते आणि तिची पिल्लं खसखशीच्या दाण्याएवढी असतात, त्यामुळे चावलेली कळतच नाही. आजाराचा शोध कुणाचा यावर दोन मतं दिसतात. ऑस्ट्रियातल्या नॉइनकिर्खनचे डॉक्टर हान्स श्नायडर यांनी १९३१ मध्ये ऋतूनुसार येणाऱ्या एका मेंदूआवरणदाहाचं वर्णन केलं, तर विषाणू १९३७ मध्ये सोव्हिएत संघाच्या अतिपूर्वेकडे लेव झिल्बर यांच्या तुकडीने वेगळा काढला. काही जण आणखी मागे जातात आणि बाल्टिक समुद्रातल्या ओलांड बेटांवरच्या अठराव्या शतकातल्या चर्चच्या नोंदींत हाच आजार दिसतो असं सुचवतात, पण जुन्या नोंदींतल्या लक्षणांवरून निदान करणं जरा जास्तच होतं. आजाराच्या वर्णनाचं श्रेय श्नायडरना आणि विषाणूचं झिल्बरना, ही वाटणी जास्त पटणारी आहे. आज विषाणूचे युरोपीय, सायबेरियन आणि अतिपूर्वेचा असे तीन मुख्य उपप्रकार मानतात, आल्प्समध्ये युरोपीय सापडतो आणि तो त्यातल्या त्यात सौम्य. तरी एकदा मेंदूवर गेला की विशिष्ट औषध नाही, आधार देणारे उपचारच करतात.

मराठी वाचकाला यातला एक धागा जवळचा वाटेल. १९५७ मध्ये कर्नाटकात शिमोगा जिल्ह्यातल्या क्यासनूर जंगलात माकडं मरायला लागली आणि माणसांना ताप येऊ लागला, तेव्हा पुण्याच्या व्हायरस रिसर्च सेंटरने (आजची राष्ट्रीय विषाणूविज्ञान संस्था) जो विषाणू शोधला तो याच कुटुंबातला निघाला. हाच तो माकडताप, जो पुढे २०१५ मध्ये गोव्यात सत्तरी तालुक्यात आणि २०१६ मध्ये सिंधुदुर्गात दोडामार्गकडे आला. नातं इतकं जवळचं वाटलं होतं की सुरुवातीला रशियन मेंदूज्वराची (म्हणजे वरच्या अतिपूर्वेच्या उपप्रकाराची) लस शिमोग्यात वापरून बघितली, पण तिचा उपयोग झाला नाही. तेव्हा माकडताप होऊन गेलाय किंवा त्याची लस घेतली होती म्हणून आल्प्समध्ये संरक्षण आहे असं कुणी धरून चालू नये.

आल्प्समधल्या आजाराची लस ऑस्ट्रियात १९७० च्या दशकात तयार झाली, त्यात व्हिएन्नाचे विषाणुतज्ज्ञ ख्रिस्टियान कुन्झ यांचं नाव मुख्य, आणि १९८१ पासून तिथे मोठी लसीकरण मोहीम चालली. तीन डोस असतात, पहिल्या दोनांत एक ते तीन महिन्यांचं अंतर, घाई असेल तर दुसरा १४ दिवसांनी देतात. भारतात ही लस सहसा मिळत नाही, म्हणून चार दिवसांच्या टूरसाठी तिच्यामागे धावण्यात अर्थ नाही. पण शिकायला किंवा नोकरीला तिथे राहणाऱ्या आपल्या लोकांनी पोचल्यावर डॉक्टरांना जरूर विचारावं.

एक बारकावा मात्र सगळ्यांसाठी. त्याच गोचिडीतून लाइम नावाचा जिवाणूजन्य आजारही होतो (जिवाणू शोधणारे विली बुर्गडोर्फर मूळचे बासेलचे, त्यांचा शोध १९८२ मध्ये छापून आला). लाइमचा जिवाणू अंगात यायला बरेच तास लागतात, म्हणून संध्याकाळी गुडघ्यामागे, काखेत, जांघेत, केसांच्या कडेला बघून गोचीड लगेच काढली तर तो बहुतेक टळतो, पण मेंदूज्वराचा विषाणू चावल्यावर काही मिनिटांतच शिरू शकतो, तिथे लस किंवा पूर्ण बाह्यांचे कपडे हाच बचाव. काढताना बारीक चिमट्याने कातडीजवळ धरून सरळ वर ओढायची, तेल, रॉकेल, काडी काही लावायचं नाही, आणि तारीख लिहून ठेवायची. मेंदूज्वराची लक्षणं साधारण एक-दोन आठवड्यांनी दिसतात, म्हणजे माणूस बहुधा घरी परतलेला असतो. आधी ताप येतो, मग काही दिवस बरं वाटतं आणि मग पुन्हा ताप व डोकेदुखी. मुंबई-पुण्याचे डॉक्टर अशा वेळी साहजिकच आधी डेंग्यू-मलेरिया तपासतात, तेव्हा आल्प्समध्ये गवतात फिरलो होतो हे आपणहून सांगायला हवं. लाइममध्ये चावल्याच्या जागी हळूहळू पसरणारा लाल चट्टा येतो, त्याचा फोटो काढून ठेवावा.

उंचीची भीती त्यामानाने उगाच जास्त. मालबुन १,६०० मीटरवर आहे आणि देशातलं सर्वोच्च शिखर फोर्डर-ग्राउश्पिट्झ २,५९९ मीटर, उंचीचा त्रास साधारण २,५०० च्या वर सुरू होतो. पण त्याच टूरमध्ये बहुधा स्वित्झर्लंडमधलं ३,४५४ मीटरवरचं युंगफ्राउयोख असतं, तिथे हार्ट-फुप्फुसाच्या पेशंटने डॉक्टरांना विचारूनच जावं. ऱ्हाइनच्या खोऱ्यात फ्योन नावाचा उष्ण कोरडा वारा सुटतो आणि स्थानिक लोक डोकेदुखीचं खापर त्याच्यावर फोडतात. त्याबद्दलचे पुरावे उलटसुलट आहेत, मायग्रेनवाल्यांनी आपली गोळी जवळ ठेवावी हे बरं.

फोन : अँब्युलन्स १४४, कुठल्याही मदतीला ११२. डोंगरात रेंज नसेल तर मिनिटात सहा वेळा शिट्टी किंवा बॅटरीचा इशारा, मग मिनिटभर थांबून पुन्हा, उत्तर मिनिटात तीन वेळा येतं. ही आल्प्समधली १८९४ पासूनची पद्धत.

औषधं स्वतःपुरती साधारण महिनाभराची नेता येतात, मूळ पाकिटात आणि जेनेरिक नाव लिहिलेल्या इंग्रजी प्रिस्क्रिप्शनसह, कारण आपले ब्रँड तिथे कुणाला माहीत नसतात. अँटिबायोटिक चिठ्ठीशिवाय मिळत नाही. इन्सुलिन हातातल्या बॅगेत. नेब्युलायझर किंवा झोपेतल्या श्वासाचं मशीन असेल तर स्विस पद्धतीच्या तीन पिनांचा अडॅप्टर लागतो. नळाचं पाणी पिण्याजोगं आहे.