पार्श्वभूमी : इलेक्ट्रिकल ड्रॉइंगचं सॉफ्टवेअर आणि डीडब्ल्यूजीचा जुना वाद

फ्लॅटचा वायरिंग लेआउट असो की कारखान्यातल्या पॅनलचं कंट्रोल ड्रॉइंग, सॉफ्टवेअर कोणतं घ्यावं याची चर्चा सहसा किमतीपासून सुरू होते. पण निवडीला खरी वेसण घालते ती फाइल. आर्किटेक्टकडून फ्लोअर प्लॅन डीडब्ल्यूजीत, म्हणजे ऑटोकॅडच्या मूळ ड्रॉइंग फाइलीत येतो, त्यावर दिवे, पंखे, स्विचबोर्ड मांडून तो डीडब्ल्यूजीतच परत मागितला जातो. महाराष्ट्रातल्या काही महापालिकांनी बांधकाम नकाशांची छाननी संगणकावर आणली, तेव्हा नकाशे ठरावीक नावांच्या लेयरमध्ये (ड्रॉइंगच्या थरांत) काढून देणं भाग पडलं आणि ही सवय आणखी पक्की झाली.

ट्रेसिंग पेपर आणि अमोनिया प्रिंटचा काळ इथे बाजूला ठेवू. १९८२ च्या डिसेंबरमध्ये ऑटोकॅड हे ड्रॉइंगचं सॉफ्टवेअर आलं आणि साध्या पीसीवर ड्राफ्टिंग करता येऊ लागलं. पुढे डॉसवरचं रिलीज १२ आणि विंडोजवरचं रिलीज १४ यांनी ड्राफ्ट्समनची एक अख्खी पिढी घडवली. डोंगल (परवाना तपासण्यासाठी संगणकाला जोडायचा खटका) लावूनही विनापरवाना प्रती सर्रास फिरत होत्या. क्लासमध्ये शिकवलं जाई तेही हेच. लाइनला एल, ट्रिमला टीआर, ऑफसेटला ओ हे बोटांत इतकं भिनलं, की ब्रिक्सकॅड किंवा झेडडब्ल्यूकॅडसारख्या पर्यायांनाही त्याच कमांड द्याव्या लागल्या.

ऑटोकॅडच्या निर्मात्या ऑटोडेस्क कंपनीने डीएक्सएफची, म्हणजे वेगवेगळ्या सॉफ्टवेअरमध्ये ड्रॉइंगची देवाणघेवाण करायच्या फाइलची, रचना सुरुवातीपासून जाहीर केली होती. डीडब्ल्यूजीची मात्र कधीच केली नाही, आणि नंतरचा सगळा गुंता या एका निर्णयातून निघाला. मागची फाइल पुढच्या आवृत्तीत उघडे, पण पुढची मागच्यात उघडत नसे. एखाद्या मोठ्या सल्लागाराने नवी आवृत्ती घेतली, की त्याच्या फाइली घेणाऱ्या लहान ठेकेदारालाही खर्चात पडावं लागे, नाहीतर दर वेळी 'जुन्या आवृत्तीत सेव्ह करून पाठवा' अशी विनवणी करावी लागे.

१९९८ मध्ये प्रतिस्पर्धी कंपन्यांनी संघटना उभारून डीडब्ल्यूजी वाचणारी आणि लिहिणारी स्वतःची लायब्ररी (इतर सॉफ्टवेअरमध्ये जोडता येणारा प्रोग्रॅमचा संच) विकसित करायला घेतली. २००६ पर्यंत ती इतकी मुरली, की मूळ कंपनीने आपल्या फाइलींत एक खूण घालायला सुरुवात केली आणि ती खूण नसलेली फाइल उघडताना इशारा दाखवू लागली. संघटनेच्या लायब्ररीनेही तीच खूण उमटवली, तेव्हा प्रकरण अमेरिकेतल्या न्यायालयात गेलं. २००७ मध्ये तडजोड झाली आणि संघटनेने ती खूण काढून टाकली. डीडब्ल्यूजी ही तीन अक्षरं ट्रेडमार्क म्हणून नोंदवण्याचा कंपनीचा अर्ज मात्र फेटाळला गेला. ते योग्यच झालं. ज्या फाइलीत शहरांचे आणि कारखान्यांचे नकाशे साठले आहेत, तिचं नाव एका विक्रेत्याच्या मालकीचं करणं वापरणाऱ्यांवर अन्याय ठरलं असतं. २०२० मध्ये तीच कंपनी त्या संघटनेची सभासद झाली.

मुक्त सॉफ्टवेअरच्या बाजूलाही वाट सरळ नव्हती. डीडब्ल्यूजी वाचणारी एक मुक्त लायब्ररी जीपीएल या मुक्त सॉफ्टवेअरच्या परवान्याच्या तिसऱ्या आवृत्तीखाली आली. लिब्रेकॅड या मुक्त ड्रॉइंग सॉफ्टवेअरचा परवाना दुसऱ्या आवृत्तीचा असल्याने दोन्ही जोडता येईनात. म्हणून लिब्रेकॅडमध्ये काम करणाऱ्याला आजही फाइल डीएक्सएफमध्येच सेव्ह करावी लागते. साध्या घराच्या प्लॅनला एवढ्यावर भागतं.

नंतरचे दोन धक्के लहान कार्यालयांना जास्त जाणवले. २०१६ च्या जानेवारीअखेर ऑटोकॅडच्या नव्या कायमस्वरूपी परवान्यांची विक्री थांबली आणि वर्गणी भरण्यावाचून मार्ग उरला नाही. २०१० पासून फुकट मिळणारं ड्राफ्टसाइट हे ड्रॉइंगचं सॉफ्टवेअर अनेकांचा आधार होतं. २०१९ संपता संपता त्याची फुकट आवृत्तीही बंद झाली.

इलेक्ट्रिकल कामात याहून खोल अडचण आहे. फ्लोअर प्लॅनमध्ये रेष म्हणजे भिंत, तिथे रेष पोहोचली की काम झालं. कंट्रोल ड्रॉइंगमध्ये तिसऱ्या पानावरची कॉन्टॅक्टरची (चुंबकाने चालणाऱ्या स्विचची) कॉइल आणि सातव्या पानावरचा तिचा ऑक्झिलरी कॉन्टॅक्ट एकाच वस्तूचे भाग असतात. वायर नंबर, टर्मिनल, केबल शेड्यूल सगळं एकमेकांत गुंतलेलं असतं. साध्या कॅडमध्ये (संगणकावरच्या ड्राफ्टिंग सॉफ्टवेअरमध्ये) हे हाताने जुळवावं लागतं. एक वायर नंबर चुकला तर तो साइटवर मल्टिमीटर हातात घेतल्यावरच सापडतो. ऑटोकॅड इलेक्ट्रिकल हे दुवे सांभाळतं, पण त्याची फाइल साध्या ऑटोकॅडमध्ये बदलली की क्रॉस-रेफरन्स आपोआप सुधारत नाहीत. ईप्लॅन हे इलेक्ट्रिकल ड्रॉइंगचं सॉफ्टवेअर तर सगळा प्रकल्प डेटाबेसमध्येच ठेवतं. त्यातून डीडब्ल्यूजी काढली की हातात फक्त रेषा आणि अक्षरं उरतात.

तरीही काम सोपवताना डीडब्ल्यूजी आणि पीडीएफ मागून घेतल्या जातात, मूळ प्रकल्पाची फाइल बहुधा कुणी मागत नाही. काही वर्षांनी पॅनलमध्ये एक फीडर (पुरवठ्याची बाहेर जाणारी लाइन) वाढवायचा झाला, की नव्या ठेकेदाराला पहिल्या पानापासून वायर नंबर तपासत बसावं लागतं.