कुत्रीचं कृत्रिम रेतन : दिवस मोजू नका, रक्त तपासा

‘माजाचं रक्त दिसल्यापासून दहावा-बारावा दिवस’ हा हिशोब धरून बरेच जण आमच्याकडे येतात. काहींचं त्यात जमूनही जातं. पण एखादीचं बीज सातव्याच दिवशी सुटतं, एखादीचं विसाव्यानंतर. कुत्री दोनदा रिकामी राहिली की बोल नराला लागतो. आमच्या मते आधी तपासायला हवा तो दिवस.

गाईचं किंवा मांजरीचं बीज पक्व होऊनच सुटतं. कुत्रीचं कच्चं सुटतं आणि बीजनलिकेत दोन-तीन दिवस पिकतं. म्हणून रक्त दिसल्यावर पाचव्या-सहाव्या दिवसापासून आम्ही एक दिवसाआड तिच्या रक्तातलं प्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक तपासतो. आकडा मिलिलिटरला 5 नॅनोग्रॅमच्या आसपास गेला की बीज सुटलं असं धरतो. सगळ्या तपासण्या एकाच लॅबमध्ये करा, यंत्र बदललं की आकडाही बदलतो.

ताजं वीर्य कुत्रीच्या पोटात पाच-सहा दिवस तग धरतं, त्यामुळे थोडी चूक खपते. थंड पेटीतून आलेलं एक-दोन दिवसांत वापरावं लागतं. उणे 196 अंशांच्या द्रव नायट्रोजनमधलं वीर्य वर्षानुवर्षं राहतं, मात्र वितळल्यावर जेमतेम एक दिवस जगतं. असं वीर्य बीज सुटल्यावर साधारण तिसऱ्या दिवशी, दुर्बिणीने पाहत थेट गर्भाशयात सोडतात.

रेतनाआधी नर-मादी दोघांची ब्रुसेला तपासणी आम्ही सक्तीची ठेवली आहे. या जंतूने गर्भ पडतो, तो वीर्यातून पसरतो आणि माणसालाही होऊ शकतो. खुब्याचा आनुवंशिक दोष असलेल्या नराचं वीर्य आम्ही घेत नाही, मालक कितीही आग्रह करोत. ते दुखणं पिल्लांच्या वाट्याला का द्यायचं?

‘टेस्ट ट्यूब पिल्लं’ मिळतील का, असंही विचारतात. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात 2015 मध्ये 19 भ्रूण एका कुत्रीत सोडले, तेव्हा सात पिल्लं जन्मली. जगातली ती पहिलीच. ते संशोधनाचं काम आहे, त्यासाठी कुणालाही पैसे देऊ नका. गोठवलेल्या वीर्याचं तंत्र मात्र रानटी प्राण्यांसाठीही उपयोगी पडलं. जंगलातून जवळजवळ संपलेल्या मेक्सिकन लांडग्याचं एक पिल्लू 2017 मध्ये त्याच रीतीने जन्मलं. कुत्रीच्या माजाचा अभ्यास त्या लांडगीच्याही कामी आला, याचं आम्हाला फार अप्रूप वाटतं.

रेतनानंतर 28 दिवसांनी सोनोग्राफीला या. आणि पुढच्या वेळी रक्ताचा पहिला थेंब दिसेल त्याच दिवशी कॅलेंडरवर खूण करून फोन करा.