सून, कोयता आणि २००७चा कायदा : पार्श्वभूमी

अंथरुणाला खिळलेल्या माणसाचं करणं ही मराठवाड्यात घरातलीच बाब मानली गेली. १९८० साली संजय गांधी निराधार योजना आली, पुढे श्रावणबाळ योजना. दोन्हींचे पैसे निराधाराच्या, म्हाताऱ्याच्या नावावर. २०२३मध्ये ही रक्कम महिना १,५०० रुपये झाली. त्यांचं करणाऱ्या बाईचा विचार त्यांत नव्हता.

वाद पेटला तो ज्येष्ठांच्या निर्वाहाच्या २००७च्या कायद्यावरून. त्यात म्हाताऱ्यांच्या निर्वाहाची जबाबदारी अपत्यांवर, आणि अपत्य म्हणजे सज्ञान मुलगा, मुलगी, नातू, नात. सून नाही. प्रत्यक्षात गू-मूत काढणं, दर दोन तासांनी कूस बदलणं, दुधात भाकर कुस्करून भरवणं बहुतेक घरांत सुनेकडेच. डिसेंबर २०१९मध्ये लोकसभेत आलेल्या दुरुस्ती विधेयकाने सून-जावयालाही अपत्यांत धरलं आणि निर्वाहावरची महिना १० हजारांची मर्यादा काढायचं सुचवलं. सासऱ्याच्या जमिनीवर संसार चालतो, मग जबाबदारी का नको, असा बाजूने बोलणाऱ्यांचा सवाल होता. त्यात तथ्य आहे. निर्वाहाच्या अर्जासाठी प्रांत कार्यालयात हेलपाटे घालणारे म्हातारे खोटे नाहीत. पण जिच्या नावावर ना सातबारा ना बँकेत पैसा, तिच्यावर कायद्याचा बोजा टाकायचा आणि ती आधीपासून उपसत असलेल्या कष्टाला मोबदल्याची तरतूदच ठेवायची नाही, हा अन्याय होता. २०२४मध्ये लोकसभेची मुदत संपली आणि विधेयक बाद झालं.

बीडच्या ऊसतोडीच्या गावांत हा पेच जास्त बोचतो. उचल, म्हणजे आगाऊ मजुरी, जोडप्यावर मिळते. नवरा-बायको मिळून एक कोयता. सासूला लकवा झाला म्हणून बायको मागे थांबली, तर अर्धा कोयता आणि उचलही निम्मी. मग दिवाळीनंतर ऊसतोडीला जायची गाडी भरताना म्हातारीपाशी नात ठेवली जाते. अल्पवयीन म्हणून कायद्याने तिच्यावर कसलीच जबाबदारी नाही. चूल आणि म्हातारीचं सगळं मात्र तिच्याच अंगावर, आणि शाळा तिथेच सुटते.

दिव्यांगांच्या २०१६च्या कायद्याने विनामोबदला काळजी घेणाऱ्या कुटुंबीयांना व्याख्येत जागा दिली. काळजी घेणाऱ्यासाठीच्या भत्त्याचाही उल्लेख केला, पण जास्त आधार लागणाऱ्या दिव्यांगांपुरता आणि सरकारच्या आर्थिक क्षमतेच्या मर्यादेत. केरळने ‘आश्वासकिरणम्’ योजनेत करणाऱ्या नातेवाइकालाच महिना ६०० रुपये लावले. रक्कम तुटपुंजी आहे, पण ती करणाऱ्याच्या कामासाठी आहे.