इंग्रजीतील ‘ईडी’ आणि ‘आयएनजी’ प्रत्ययान्त विशेषणे

इंग्रजी क्रियापदाला ‘ईडी’ किंवा ‘आयएनजी’ हे प्रत्यय लागून तयार होणारी आणि नामाविषयी विशेष माहिती सांगणारी ही धातुसाधित विशेषणे होत. ‘बोअर्ड’ व ‘बोअरिंग’, ‘एक्सायटेड’ व ‘एक्सायटिंग’ अशा जोड्यांत धातू एकच असला, तरी एका रूपाच्या जागी दुसरे वापरल्यास अर्थ पालटतो.

यातील गोंधळ मुख्यतः भावनादर्शक क्रियापदांत होतो. ही क्रियापदे मुळातच प्रयोजक अर्थाची आहेत: ‘बोअर’ म्हणजे कंटाळणे नव्हे, तर कंटाळा आणणे. त्यामुळे भावना निर्माण करणाऱ्याला ‘आयएनजी’ रूप लागते आणि ज्याच्या मनात ती निर्माण होते त्याला ‘ईडी’ रूप. शाळेत याऐवजी ‘माणसाला ईडी, वस्तूला आयएनजी’ असा सुटसुटीत नियम शिकवला जातो. तो पाठ करायला सोपा असला तरी चुकीचा आहे. ‘अ बोअर्ड टीचर’ हा स्वतः कंटाळलेला शिक्षक, तर ‘अ बोअरिंग टीचर’ हा वर्गाला कंटाळा आणणारा. माणूस दोन्हीकडे आहे. ‘आय ॲम बोअरिंग’ या वाक्यात व्याकरणाची चूक काढता येत नाही, फक्त बोलणारा नकळत स्वतःलाच नीरस ठरवतो. उलटपक्षी ‘अ वरीड लुक’ यात निर्जीव नामालाही ‘ईडी’ रूप चालते, कारण नजर, चेहरा, आवाज यांतून माणसाचीच भावना व्यक्त होत असते.

मराठीभाषकाची अडचण थोडी वेगळी आहे. ‘मला कंटाळा आला’ या रचनेत भावना माणसाकडे येते आणि माणूस कर्ता नसतो. शिवाय बोलीत ‘पिक्चर बोअर आहे’ आणि ‘मी बोअर झालो’ या दोन्ही ठिकाणी एकच रूप भागते. मात्र कंटाळवाणा व कंटाळलेला, दमवणारा व दमलेला असे भेद मराठीतही आहेत, आणि मनात ते रूप ताडून पाहिले तर योग्य इंग्रजी रूप बहुधा सापडते. ‘इंटरेस्टेड इन’, ‘एक्सायटेड अबाउट’ अशी ‘ईडी’ रूपांमागून येणारी शब्दयोगी अव्यये तेवढी पाठच करावी लागतात.

भावनेपलीकडच्या क्रियापदांत हा भेद बहुधा चालू क्रिया आणि पूर्ण झालेली क्रिया यांतला असतो. ‘बॉइलिंग वॉटर’ म्हणजे उकळते पाणी. ‘बॉइल्ड वॉटर’ म्हणजे उकळलेले, मग ते माठात गार होऊन पडलेले का असेना. ‘डेव्हलपिंग’ आणि ‘डेव्हलप्ड’ देशांना मराठी वृत्तपत्रे अनुक्रमे विकसनशील आणि विकसित म्हणतात. अकर्मक क्रियापदांच्या ‘ईडी’ रूपात कर्मणी अर्थ नसतो: ‘एस्केप्ड प्रिझनर’ हा स्वतःच पळालेला कैदी. ‘टॅलेंटेड’ तर नामावरून झालेला शब्द आहे, म्हणून त्याला ‘आयएनजी’ जोडीदार नाही.

सर्वच जोड्या पूर्ण नाहीत. ‘स्केअर्ड’च्या समोर ‘स्केअरी’, ‘डिलायटेड’च्या समोर ‘डिलाइटफुल’, ‘इम्प्रेस्ड’च्या समोर ‘इम्प्रेसिव्ह’ आणि ‘स्ट्रेस्ड’च्या समोर ‘स्ट्रेसफुल’ असे शब्द रूढ आहेत. तेथे नियमाने ‘आयएनजी’ रूप बनवले तर ते इंग्रजीभाषकाच्या कानाला खटकते.

नामापूर्वी येणारे प्रत्येक ‘आयएनजी’ रूप विशेषण असतेच असे नाही. जुन्या इंग्रजीत वर्तमानकालवाचक धातुसाधिताचा प्रत्यय ‘एंडे’ असा वेगळा होता. मध्ययुगीन इंग्रजीत क्रियावाचक नामाच्या प्रत्ययाशी त्याचे रूप एक झाले. म्हणून ‘स्लीपिंग चाइल्ड’ म्हणजे झोपलेले मूल, पण ‘स्लीपिंग बॅग’ ही झोपण्यासाठीची पिशवी. ऐकताना हा फरक आघातावरून कळतो: पिशवीच्या बाबतीत मुख्य जोर ‘स्लीपिंग’वर पडतो, मुलाच्या बाबतीत एरवी ‘चाइल्ड’वर.